वंगण म्हणजे तेल की ग्रीस?

कॅनलीकर : माझ्याकडे १९७२ची ट्रायम्फ स्पिटफायर गाडी आहे. इथल्याच, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातली. पुढच्या चाकांची दुरुस्ती मराठीत लिहून काढतोय, कारण मदतीला वडील असतात. जन्मभर टर्नर होते, इंग्रजी मॅन्युअल हातात घेत नाहीत. तीन शब्द अडलेत : 'प्ले' (सांधा हलतो ती मोकळीक), 'ट्रनियन' (पुढच्या चाकाचा खालचा सांधा) आणि 'वंगण'. स्टेअरिंगला 'सुकाणू' सुचवू नये, गाडी तरंगत नाही.

लेथवाला : प्लेला प्लेच म्हणा. 'खेळ' लिहिलंत तर वडील हसतील.

शब्दवेल्हाळ : 'खिळखिळं' का नको?

लेथवाला : खिळखिळी अख्खी गाडी होते. प्ले एका सांध्यात असतो आणि मोजता येतो. शिवाय प्ले म्हणजे दोष नव्हे. क्लचच्या पेडलला थोडा ठेवावाच लागतो. स्टेअरिंगच्या रॅकलासुद्धा (दातेरी दांड्याला) शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून जेमतेम मोकळीक ठेवतात, नाहीतर जड चालतं. दोष म्हणजे झीज. झीज झाली की नको तेवढा प्ले येतो. हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर निम्मं काम झालं.

कॅनलीकर : हे पटलं. मग असं लिहितो : 'चाक जॅकवर उचला. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग सैल, राहिला तर ट्रनियन नाहीतर वरचा बॉल जॉइंट. तीन आणि नऊला धरून हलवल्यावर खटखट आली तर टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) एंड बघा.'

शब्दवेल्हाळ : ट्रनियन मूळचा तोफेचा शब्द. तोफ ज्यांवर वरखाली झुलते ते दोन्ही बाजूंचे खुंट. त्यामागे फ्रेंच 'त्रोन्यों', म्हणजे थोटूक. सफरचंद खाऊन उरतो त्या गाभ्यालाही तेच म्हणतात. तुमच्या गाडीत थोटूक कुठे आहे?

कॅनलीकर : चाक ज्या उभ्या लिंकवर, म्हणजे दांड्यावर, बसतं, तिच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते पितळी रंगाच्या एका ठोकळ्यात फिरतात, तो ट्रनियन. चाक वळलं की लिंक आट्यांत थोडी फिरते, आणि त्या कोपऱ्याचा भार त्या आट्यांवरच. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलटसुलट, म्हणून अदलाबदल चालत नाही. बसवताना पूर्ण आवळून मग थोडा मागे फिरवायचा, नाहीतर चाक पूर्ण वळत नाही.

जुना हेरल्डवाला : अहो, हा आमचाच सांधा! मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड घरी होती, तिची पुढची रचना हीच. आमचा फिटर त्याला नुसतं 'खालची पितळी' म्हणायचा. आणि बजावायचा, इथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल, ग्रीस नाही.

कॅनलीकर : माझ्या घोड्यानं तिथेच पेंड खाल्ली. फोनवर वडिलांना म्हणालो, 'मी येईपर्यंत ट्रनियनला वंगण घालून ठेवा.' त्यांनी दोन्हीकडे ग्रीस ठासलं. सगळं सोडवून रॉकेलनं धुवावं लागलं. ग्रीस घट्ट होतं, आट्यांत उतरत नाही, मग पाणी साचून लिंक आतून गंजते. एक दिवस ती तुटते आणि चाक आडवं होतं. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८पासून इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही, म्हणजे दुसरं कोणी बघणारही नाही.

शब्दवेल्हाळ : चूक वडिलांची नाही. वंगण म्हटलं की बैलगाडीखाली टांगलेल्या नळ्यातलं काळं, दाट तेच डोळ्यांपुढे येतं. माझे आजोबा 'ओंगण' म्हणत. तेल ओततात, वंगण फासतात.

लेथवाला : त्यात सांध्यावरच्या भरायच्या तोंडाचं नाव 'ग्रीस निपल', हातात 'ग्रीस गन'. माणूस आणखी काय भरणार?

कॅनलीकर : गन तीच वापरतो, फक्त आत ऑइल भरून. तर वहीत वंगण शब्दच नको. 'खालच्या पितळीत नव्वद नंबरचं ऑइल, सांध्यातून बाहेर येईपर्यंत.' वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'आधीच असं सांगायचं होतंस.'