डबल क्लिकचं खापर कुणाच्या माथी: लिनक्सच्या की माउसच्या?

जुळारी, फोंडा (धागा सुरू करणारा)

आमचं डीटीपीचं काम. देवळांच्या उत्सवाच्या पत्रिका, नाटकांची हँडबिलं आणि चवथ जवळ आली की मंडळांच्या स्मरणिका. मशीनवर लिनक्स मिंट, काम इंकस्केप (चित्रांचं) आणि स्क्रायबस (पानं लावायचं) या प्रोग्रॅममध्ये. जूनच्या मध्यापासून माउसने छळ मांडला. एक टॅब बंद करायला जावं तर दोन बंद. फोल्डर नुसता निवडायला एकदा टिचकी मारावी तर तो उघडून मोकळा. फोटोची चौकट ओढत पानाच्या कोपऱ्यात न्यावी तर अर्ध्या वाटेत हातातून सुटते आणि मजकुराच्या उरावर जाऊन बसते.

ज्याला विचारलं त्याचं एकच: "लिनक्स ना? मग असंच व्हायचं." एकाने पुन्हा इन्स्टॉल करायला लावलं, दुसऱ्याने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलायला. दोन्ही केलं. दोन आठवडे गेले, फरक शून्य.

शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत, 'सुडो ईव्हीटेस्ट' चालवलं. माउस काय काय बातम्या पाठवतो ते हे दाखवतं. यादीतून माउसचा आकडा निवडला आणि डावं बटण एकदाच, अगदी मोजून एकदाच दाबलं. समोर आलं ते असं (डावीकडे सेकंद, उजवीकडे बटणाची अवस्था, १ म्हणजे दाबलं, ० म्हणजे सोडलं):

४१२.३०७ – १
४१२.३८८ – ०
४१२.४२३ – १
४१२.४३१ – ०

पहिल्या दोन ओळी माझ्या बोटाच्या. पुढच्या दोन भुताच्या. बटण ८ मिलिसेकंदांत दाबून सोडणं कुठल्याच बोटाला जमणार नाही. ईव्हीटेस्ट डेस्कटॉपच्या कितीतरी खाली, कर्नलकडून आलेली घटना जशीच्या तशी दाखवतं. म्हणजे घाण माउसमधूनच येतेय. बटणाखालच्या मायक्रोस्विचची (इवल्याशा स्विचची) तांब्याची पट्टी थकली की ती संपर्कावर नीट न बसता थरथरते, आणि एका दाबाचे दोन होतात.

माझं मत स्पष्ट आहे. क्लिकची तक्रार आली की आधी घटना मुळाशी बघा, मग डेस्कटॉपला शिव्या द्या. आपल्याकडे उलटं चालतं.

दुकानदार, म्हापसा

दादा, सगळं बरोबर, पण दोन आठवडे? माझ्या काउंटरवर रोज अशी दोन-तीन गिऱ्हाइकं येतात. हॉटेलच्या रिसेप्शनवरचा मुलगा, बिलं करणारी बाई. त्यांना मी ईव्हीटेस्ट शिकवत बसू? तोच माउस शेजारच्या मशीनला लावतो. तिथेही दोनदा वाजला तर माउस गेला, नाही वाजला तर मशीन बघायचं. एका मिनिटाचं काम. साधा वायरचा माउस तीन-चारशे रुपयांत मिळतो. तुमच्या दोन आठवड्यांची मजुरी किती झाली ते तुम्हीच सांगा.

टर्मिनल ही हौस आहे. हौसेला मोल नसतं, पण ती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये.

कोडवाला, पणजी

म्हापसेकर, तुमच्या एका मिनिटाच्या परीक्षेत मोठं भोक आहे. माझ्याकडे एक माउस आहे, लिनक्सवर निमूट चालतो आणि विंडोजवर दोनदा वाजतो. कारण लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर माउस आणि डेस्कटॉप यांच्या मध्ये लिबइनपुट नावाचं सॉफ्टवेअर बसलेलं असतं आणि ते अशी थरथर स्वतःच गाळून टाकतं. बटणाची अवस्था बदलल्यावर २५ मिलिसेकंदांच्या आत ती पुन्हा उलटसुलट झाली तर ते तिकडे दुर्लक्ष करतं. तुमच्या परीक्षेत हा माउस "विंडोज बिघडलं" असं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडेल.

जुळारींना मात्र एक विचारायचंय. लिबइनपुट गाळतं, तर मग तुमची थरथर निसटली कशी? आकडे बघितले आणि उत्तर सापडलं. सोडणं .३८८ ला, पुढचं दाबणं .४२३ ला. मध्ये ३५ मिलिसेकंद. चाळणीची भोकं २५ ची, तुमचा खडा ३५ चा. तेव्हा "लिनक्स निर्दोष" हा निकाल थोडा घाईचा वाटतो. ही मुदत वापरणाऱ्याला वाढवता का येऊ नये? सेटिंग्जमध्ये डबल क्लिकचा वेग बदलायची पट्टी आहे, थरथर गाळायची नाही.

जुळारी, फोंडा

डबल क्लिकच्या वेगाची पट्टी मीही ओढून बघितली होती. तिने फोल्डर उघडायचे थांबले, टॅब दोन-दोन बंद होणं थांबलं नाही. साहजिक आहे. टॅबच्या फुलीला डबल क्लिक कळतच नाही, तिला दोन वेगळे क्लिक मिळतात.

मुदत वाढवण्याबद्दल: आज ४०, पावसाळ्याच्या शेवटी ६०, पुढच्या वर्षी १००? स्विच दिवसेंदिवस बिघडतच जाणार. मोडक्या दाताला किती वर्षं लवंग लावून ठेवायची?

गेमर, मडगाव

कोडवाल्या, मुदत बिदत वाढवू नको रे बाबा. मी ओसू हा तालावर क्लिक करायचा गेम खेळतो. तिथे बोटं इतकी भरभर पडतात की बटण सोडल्यापासून पुढच्या खऱ्या दाबापर्यंतचं अंतरही चाळीस-पन्नास मिलिसेकंदांच्या घरात येतं. तुझ्या चाळणीत माझे खरे क्लिक अडकायचे. आत्ताच लिबइनपुटची एक रीत अशी आहे की बटण धरून ठेवलेलं असताना मध्येच खोटं 'सोडलं-दाबलं' दिसलं की ते पुढच्या वेळेपासून सोडण्याची बातमी १२ मिलिसेकंद दाबून धरतं, खरंच सोडलंय का ते बघायला. जुळारींची चौकट अर्ध्या वाटेत सुटते त्यावरचा तो इलाज. खेळणाऱ्याला तेवढंही नको असतं.

आणि "८ मिलिसेकंदांचा दाब माणसाचा नाही हे दिसतंय, मग लिबइनपुटला का कळत नाही?" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. दाब ८ चा होता हे कळतं तो सुटल्यावर. आणि दाबल्याची बातमी तर दाबल्या क्षणीच पुढे पाठवायची असते. ती अडवून ठेवायची म्हटली तर प्रत्येक क्लिक उशिरा पोचेल, तुमचा बिघडलेला आणि माझा चांगलाही.

कोडवाला, पणजी

हा मुद्दा मान्य. पण मी सगळ्यांसाठी वाढवा म्हणतच नाही. ज्याचा माउस आजारी त्याच्यापुरती वाढवू द्या. ज्याच्या हाताला कंप आहे अशा माणसाचा विचार करा. त्याचं बोटच दोनदा पडतं, त्याला नवा माउस घेऊन काय फायदा?

गेमर, मडगाव

ते वेगळं दुखणं. त्याची सोय सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये हवी, कीबोर्डला 'बाउन्स कीज' (लागोपाठ चुकून पडलेली तीच कळ सोडून देणारी सोय) आहे तशी. बिघडलेल्या स्विचची मलमपट्टी आणि थरथरत्या हाताचा आधार एकाच खणात ठेवलेस तर दोघांचंही नुकसान.

टीचर, साखळी

सगळेजण स्विचवरच बसलात. मला हा धाग्याचा मथळाच पटत नाही, कारण आमच्या शाळेच्या लॅबमध्ये माउस धडधाकट होते आणि दोष मशीनचाच होता.

तक्रार तुमच्या उलट होती: पहिला क्लिक लागतच नसे. मूल दोन-तीन सेकंद फळ्याकडे बघतं, परत माउसला हात लावतं, क्लिक करतं, काही नाही. दुसरा क्लिक केला की लागतो. मुलं म्हणायची, "टीचर, माउस निजता." आणि खरंच तो झोपत होता! विजेची बचत म्हणून कुणीतरी पॉवरटॉप या वीज वाचवायच्या प्रोग्रॅमचं ऑटो-ट्यून सगळ्या मशीनवर चालवून ठेवलं होतं. त्याने माउसच्या यूएसबीलाही आपोआप झोपायची मुभा दिली. दोन सेकंद हालचाल नसली की झोप, आणि जागं करणारा क्लिक वाया. पॉवरटॉपच्या 'ट्यूनेबल्स'मध्ये जाऊन माउसच्या ओळीवर एंटर दाबलं, 'गुड'चं 'बॅड' केलं, की दुखणं गेलं. (ते 'बॅड' म्हणतं ते विजेच्या हिशेबाने, घाबरू नये.) मशीन पुन्हा सुरू केल्यावर ते परत तसंच, म्हणून शेवटी ऑटो-ट्यूनची सर्व्हिसच बंद केली.

जुळारींच्या सल्ल्याने मी सगळे माउस उघडले असते तर स्क्रू शोधता शोधता सहामाही आली असती.

जुळारी, फोंडा

टीचर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं नाही का? ईव्हीटेस्ट लावलं असतं तर पहिला क्लिक तिथेही उमटला नसता आणि कळलं असतं की गडबड डेस्कटॉपच्या खाली आहे.

टीचर, साखळी

खाली आहे हे कळलं असतं. माउस की यूएसबी, ते नसतं कळलं. तुमच्या मूळ पोस्टमध्ये "घाण माउसमधूनच येतेय" असं लिहिलंय. खाली म्हणजे माउसच, ही उडी तुम्ही मारलीत. तुमच्या बाबतीत ती बरोबर पडली, इतकंच.

जुळारी, फोंडा

हं. हे घ्यावं लागेल.

हिशेबनीस, वास्को

टीचरना दुजोरा. माझा बिनतारी माउस, रिसीव्हर मशीनच्या पाठीमागच्या निळ्या (यूएसबी ३.० च्या) पोर्टात. रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू केला की क्लिक गळायचे, बाण उड्या मारायचा. बॅकअप संपला की सगळं सुरळीत. मी ते लिनक्सच्या फाइल कॉपी करण्याच्या हळूपणावर ढकललं होतं. प्रत्यक्षात यूएसबी ३.० चा गोंगाट बिनतारी माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि रिसीव्हर बहिरा होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन रिसीव्हर टेबलावर आणला, विषय संपला. यात माउसचं पाप नाही आणि लिनक्सचंही नाही. मथळ्यात तिसरा रकाना ठेवा.

कोडवाला, पणजी

चौथाही ठेवा: सवयीचा. लॅपटॉपवर गनोम हा लिनक्सचा डेस्कटॉप टाकला की लोक म्हणतात टचपॅडचं उजवं बटण मेलं. मेलेलं नसतं. गनोममध्ये दोन बोटांनी दाबलं की उजवा क्लिक. टचपॅडच्या उजव्या कोपऱ्यात दाबलं तर साधा डावाच क्लिक पडतो. टचपॅडच्या सेटिंग्जमध्ये (जुन्या गनोमला 'ट्वीक्स' या वेगळ्या ॲपमध्ये) कोपऱ्याचा पर्याय निवडला की जुनी रीत परत येते. मुळाशी बघा, वरवर बघा, दोन्हीकडे सगळं ठीकच दिसणार.

जुळारी, फोंडा

सवयीवरून आठवलं. गेल्या वर्षी एका लग्नपत्रिकेत वधूपित्याच्या नावाखाली "४५० बाकी" असे शब्द छापता छापता वाचले. हिशेबाच्या फाइलमध्ये ते नुसते सिलेक्ट केले होते, कॉपीही नाही. मग पत्रिकेत चाक फिरवताना बोट जड पडलं, चाक दाबलं गेलं आणि मजकूर टपकला. लिनक्सवर मधल्या बटणाने सिलेक्ट केलेलं पेस्ट होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. प्रुफाला माझी बायको बसली होती म्हणून अब्रू वाचली. त्या प्रकरणात दोष मी पूर्णपणे लिनक्सला दिला होता आणि अजूनही देतो.

गेमर, मडगाव

मला ती सोय फार आवडते.

जुळारी, फोंडा

तुला लग्नपत्रिका छापायच्या नसतात.

दुकानदार, म्हापसा

एवढं वाचून माझं मत बदललं नाही, पण थोडं सरकलं. दुसऱ्या मशीनवर लावून बघायच्या परीक्षेत लिबइनपुट लबाडी करतं हे ठाऊक नव्हतं. आता माउस बदलायच्या आधी पोर्ट बदलून बघीन, बिनतारी असेल तर मागचा निळा सोडून पुढे लावीन. ईव्हीटेस्ट मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत नाही. काळी खिडकी बघितली की त्याला वाटतं हॅक झालं.

आता पावसाचं. जुळारींनी जून म्हटलंय आणि माझाही अनुभव तोच. पहिल्या सरी पडल्या की माउसची रांग लागते. आपल्याकडची दमट हवा, खारा वारा, संपर्क काळे पडणारच.

हिशेबनीस, वास्को

दुकानदार, मी बंदराजवळ राहतो, खारा वारा मला शिकवू नका. माझा जुना वायरचा माउस आठ पावसाळे टिकला. पावसावर ढकललं की कंपनीने वापरलेला भंगार स्विच सुटतो. तो स्विच कितीचा असतो, ते सांगा.

दुकानदार, म्हापसा

तेही खरं. स्वस्त माउसमध्ये कुठला स्विच आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, कधी उघडूनही कळत नाही. चांगल्या स्विचवर कोटीच्या हिशेबात क्लिकची हमी लिहिलेली असते, पण माउसमधून प्रवाह इतका थोडा जातो की संपर्कावरचा काळा थर जळून निघत नाही, साचत राहतो. म्हणून क्लिकची कोटी भरायच्या आधीच तो कुरकुरायला लागतो.

जुळारीदादा, तुमचा माउस फेकला नसाल तर आणा. डाव्याचा स्विच काढून त्या जागी उजव्याचा घालतो, उजवं बटण कुणी एवढं दाबत नाही. तीन पायांचं डाग काढायचं काम, दहा मिनिटं. तोवर सेटिंग्जमध्ये मुख्य बटण उजवं करून घ्या, चवथीचं काम अडणार नाही.

जुळारी, फोंडा

मुख्य बटण उजवं केलं. आत्ता ही पोस्ट पाठवतानाही तीनदा उलटं दाबलं. शुक्रवारी येतो.

दुकानदार, म्हापसा

शुक्रवारी नको. बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळणार नाही. शनिवारी या, आणि तळाचे रबराचे पाय सोलू नका, स्क्रू त्यांच्याखाली असले तरी. ते मी काढतो.