नाण्यावरचा 'ठसा', 'शिक्का' की 'सराफी खूण'?

महालवासी:
आजोबांच्या पेटीत चांदीचे जुने रुपये निघाले. फारसी अक्षरं आहेत आणि त्या अक्षरांवरच कुठे चांदणी, कुठे फूल, कुठे नुसतं टिंब ठोकलेलं आहे. नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यात दाखवले, तर एक जण 'शिक्के मारलेला माल' म्हणाला, दुसरा 'हॉलमार्क'. घरच्या यादीत नोंद करायची आहे. नेमका शब्द कोणता? आणि यामुळे किंमत पडते का?

इतवारीकर:
ताई, 'सराफी खूण' लिहा. 'शिक्का' तर प्रत्येकच नाण्यावर असतो. तो टाकसाळीचा, म्हणजे राज्याचा. 'हॉलमार्क' आजच्या दागिन्यांचा, त्याचा इथे संबंधच नाही. तुमच्या रुपयांवरची खूण नाणं बाजारात आल्यावर खासगी माणसाने मारलेली आहे, आणि हा फरक शब्दातच दिसायला हवा.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने एकसारखा रुपया काढला, त्याआधी दर मुलखाचा रुपया वेगळा होता. वजन वेगळं, कस वेगळा. मराठ्यांच्या टाकसाळीही बादशहाच्या नावाने रुपये पाडत, म्हणून भोसल्यांच्या नागपुरातल्या घरांत फारसी अक्षरांचे रुपये सापडतात. अशा बाजारात सराफ रुपया वाजवून बघायचा. खणखणला तर ठीक, बद्द वाजला तर संशय. मग बारीक ठशाने टोचून आत तांबं तर नाही ना, हे पाहायचा. तपासलेलं नाणं पुन्हा हाती आलं तर ओळखता यावं, म्हणून ठसा स्वतःच्या खुणेचा. कस कमी भरला, नाणं झिजलेलं निघालं, की बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापायचा. आपण नावाला 'बट्टा लागला' म्हणतो, तो हाच.

वैदर्भी:
पण ही खूण सराफाचीच, टाकसाळीची नाही, हे ओळखायचं कसं?

इतवारीकर:
भिंग घ्या. टाकसाळीची अक्षरं उठावाची असतात, सराफी खूण खोलगट. तिच्या कडेला धातू किंचित फुगलेला दिसतो आणि खालचं अक्षर मधेच तुटतं. नाणं उलटं करा: खुणेच्या बरोबर मागे पुष्कळदा नक्षी चेपलेली असते. खळग्याचा तळही पाहा. बाकी नाणं काळवंडलेलं आणि खळगा तेवढा लख्ख असेल, तर खूण अलीकडची समजा. टाकसाळही फूल-चांदणी काढायची, पण ती उठावाची आणि मजकुराच्या ओळीत बसलेली. ती खासगी खूण नव्हे. उलट टाकसाळ ओळखायला तीच कामी येते.

वैदर्भी:
मग 'आहत नाणी' म्हणतात, ती हीच का?

इतवारीकर:
नाही, तिथे गल्लत करू नका. आहत नाणी दोन हजार वर्षांहून जुनी, चांदीची, सुमारे ३.४ ग्रॅमची. त्यांच्यावर राजाचं नावच नसतं. वेगवेगळे ठसे मारूनच नाणं तयार होई, बहुतेकदा समोर पाच. ठसे हीच त्यांची ओळख, तिथे ते दोष ठरत नाहीत. रुपयावरची सराफी खूण मात्र नंतरची भर, म्हणून संग्राहक बिनखुणेच्या नाण्याला जास्त पैसे देतात. कडेला एखादी हलकी खूण असली तर फार बिघडत नाही. टाकसाळीचं नाव किंवा सन खाल्ला गेला की किंमत चांगलीच उतरते. साध्या नाण्यावर खोल खुणांची गर्दी असेल, तर चांदीचा भाव येतो. नाणंच दुर्मीळ असेल तर खुणेसकट मागणी असते. मुंबई टाकसाळीत १८९५ पासून पाडलेल्या ब्रिटिश व्यापारी डॉलरवर चिनी व्यापाऱ्यांनी ठोकलेल्या खुणा तर काही जण मुद्दाम जमवतात.

महालवासी:
समजलं. दोन रुपयांना कडी जोडल्याची खूणही आहे. तीही सराफीच का?

इतवारीकर:
नाही, ती दागिन्याची. माळेत ओवायला कडी झाळली, म्हणजे धातू वितळवून जोडली असेल. नोंद वेगळी करा, कारण झाळाने किंमत सराफी खुणेपेक्षा जास्त पडते.

वैदर्भी:
ताई, आई चिंच लावून घासून राहिली असेल तर आधी थांबवा तिला! चकाकी येईल, पण संग्राहक हातही लावणार नाही.

इतवारीकर:
अगदी बरोबर. यादीत असं लिहा: 'चांदीचा रुपया, फारसी मजकूर, वजन अमुक ग्रॅम, पुढे दोन सराफी खुणा (फूल, टिंब), मागे एक, सनाचा आकडा शाबूत.' दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. विकण्याआधी अजब बंगल्यातली, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयातली, जुनी नाणी बघून या, नजर बसते. आणि परदेशातून कुणी मागितली तर पाठवू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.