चॉइस फक्त १५-२० भरायच्या म्हणे!

कॅज्युअल्टी_ड्युटी
नीट-पीजीचं (एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएस प्रवेशाचं) चॉइस फिलिंग, म्हणजे हव्या त्या सीटची यादी भरणं, सुरू झालं की एक पोस्ट हमखास फिरते. यंदाही फिरली: "गेल्या वर्षीचे क्लोजिंग रँक (सीट शेवटी कोणत्या रँकला गेली ते) बघा, आपल्याला मिळतील अशा १५-२० सीट भरा, लॉक करा. वरच्या टाकल्या तर चॉइस वाया जाते, जास्त टाकल्या तर नको ती सीट गळ्यात पडते." वाचून गप्प बसवेना.

वाया काय जातं? एमसीसीच्या (केंद्राकडून हे प्रवेश करणाऱ्या समितीच्या) यादीत हव्या तेवढ्या चॉइस भरता येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. सॉफ्टवेअर रँकप्रमाणे एकेकाला घेतं. ९,००० रँकवाल्याची पाळी आली की त्याची १ नंबरची सीट रिकामी आहे का बघतं, नसेल तर २, मग ३. पहिली रिकामी सापडली ती त्याची. मग ९,००१. तुम्ही रेडिओलॉजी पहिल्या नंबरला आणि पेडियाट्रिक्स ६१व्याला टाकलं, आणि ९,००१वाल्याने तेच पेडियाट्रिक्स पहिलं टाकलं, तरी ते तुमच्या आधी त्याला जात नाही. त्यामुळे क्रम निव्वळ आवडीचा लावायचा. "मिळेल का" हा प्रश्न यादी लावताना मनात आणायचाच नाही.

खालचा_रँक
थिअरी झकास. पण ४० नंतरच्या चॉइस किती जण डोळे उघडे ठेवून भरतात? पहिल्या फेरीत जॉइन न करता सुटता येतं, ठीक. दुसऱ्या फेरीत मिळालेली सोडली की २५ हजार डिपॉझिट गेलं, राखीव प्रवर्गाला १० हजार, आणि डीम्डसाठी (अभिमत विद्यापीठांसाठी) नोंदणी केली असेल तर २ लाख. तिसरीत सोडली की डिपॉझिट जातं आणि पुढची फेरीही बंद. 'गळ्यात पडते' ते हेच. वर कोट्याचा रकाना न बघता डीम्डची पेड सीट चढवायची आणि फीचा आकडा बघून घरच्यांनी हबकायचं. यादी छोटी असली तर निदान तपासली तरी जाते.

कॅज्युअल्टी_ड्युटी
म्हणजे दोष नको ती सीट भरण्याचा आहे, आकड्याचा नाही! जी मिळाल्यावर जॉइन करणार नाही ती २० मध्येही नको आणि २०० मध्येही नको. आणि तो क्लोजिंग रँक कोणत्या फेरीचा, कोणत्या कॅटेगरीचा, हे त्या पोस्टवाल्याने सांगितलंय का? तिसऱ्या फेरीचा आकडा बघून पहिल्या फेरीत आशा लावायची, हा त्यातलाच प्रकार.

फॉर्मवाली_ताई
तुमचं भांडण चालू द्या. पण दाखलाच चुकीचा असेल तर पहिल्या नंबरची सीट मिळून काय उपयोग? कॉलेजात कागद तपासताना ती हातची जाते. राज्याचं नॉन-क्रीमी लेयर (ओबीसीतल्या सधन वर्गात नसल्याचा दाखला) घेऊन एआयक्यूला, म्हणजे ऑल इंडिया कोट्याला, येणारे दरवर्षी असतात. ऑल इंडियाला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यात एनटी-डी असलेला वंजारी केंद्रात ओबीसी. वेगळा अर्ज, वेगळा कागद. सेतूत 'केंद्र शासनासाठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच हातात ठेवतात. राज्याच्या कोट्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलला त्याउपर जात वैधता प्रमाणपत्र. "अर्ज केलाय, येईलच" यावर विसंबू नका.

ऑर्थोचा_हातोडा
आणि त्या नॉन-क्रीमी लेयरच्या नावाखाली काय चालतं तेही बोला ना! बापाचा पगार १५ लाख आणि पोरगा नॉन-क्रीमी. खोटे दाखले, दुसरं काय.

फॉर्मवाली_ताई
डॉक्टर, नियम वाचून चिडा. ८ लाखांच्या मर्यादेत सरकारी नोकरीचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत. सरकारी नोकरीत बघतात ते पद: आई-वडिलांपैकी एक थेट गट अ मध्ये लागलेले असतील तर क्रीमी, उत्पन्न काहीही असो. ८ लाख बघायचे ते इतर उत्पन्नाचे, तेही सलग ३ वर्षांचे. गट क मधल्या कर्मचाऱ्याचा पगार वाढला म्हणून त्याचं पोर क्रीमी होत नाही.

ऑर्थोचा_हातोडा
म्हणजे पळवाटच झाली की.

फॉर्मवाली_ताई
पळवाट म्हणा, पण लेखी आहे. 'खोटे दाखले' हे शब्द मागे घ्या.

ऑर्थोचा_हातोडा
घेतले. नियमच भलता आहे, दाखला खरा. झालं समाधान? मग एसईबीसीवाल्यांनी (राज्याच्या मराठा आरक्षणातल्यांनी) केंद्रात काय करायचं, तेही सांगून टाका, एवीतेवी वकिली चाललीच आहे.

फॉर्मवाली_ताई
एसईबीसी फक्त राज्यात. एआयक्यूला ते ओपन, आणि निकषात बसत असतील तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक). तिथे मात्र कुटुंबाच्या ८ लाखांत पगार आणि शेती दोन्ही धरतात, वर ५ एकर शेतजमिनीची अट. दोन्हीकडचे ८ लाख एकच समजून लोक फसतात ते इथेच.

खालचा_रँक
धागा चॉइस फिलिंगचा होता ना? बरं, क्रमाचं पटलं, त्यासाठी एवढं ओरडायची गरज नव्हती. पण अपग्रेडचं कुणीच बोललं नाही. जॉइन करताना 'अपग्रेड हवं' म्हटलं आणि पुढच्या फेरीत वरची मिळाली, की जुनी सीट आपोआप गेली. "आहे तीच बरी होती" म्हणायला जागा नाही. त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या यादीत हातातल्या सीटपेक्षा खरोखर बरं असेल तेवढंच ठेवायचं. इथे तरी छोटी यादी बरोबर की नाही?

कॅज्युअल्टी_ड्युटी
इथे बरोबर. २० मध्ये बसते म्हणून नव्हे, पण बरोबर. आणि जुन्या कॉलेजातून निघताना रिलिव्हिंग लेटर पोर्टलवरूनच काढून घ्या, क्लार्कने लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही.

खालचा_रँक
लॉक करायचं राहून गेलं तर?

कॅज्युअल्टी_ड्युटी
मुदत संपली की आपोआप होतं. पण शेवटचं जसं सेव्ह असेल तसं, अर्धवट हलवलेल्या क्रमासकट.