वसुबारसेला गहू-मुगाने काय घोडं मारलंय?

पोळपाट:
सासूबाई वसुबारसेला गहू-मूग शिवत नाहीत, दूध-तूपही नाही, बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी एवढंच. दूध सोडायचं ते वासरासाठी हे पटतं, पण गहू-मूग का? विचारलं तर "आमच्यात नाही खात" बास.

आटपाटनगर:
अगं कहाणी ऐकली नाहीस का? म्हातारी शेतावर जाताना सुनेला सांगते गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेव, म्हणजे गहू-मूग, पण गोठ्यातल्या वासरांनापण गव्हाळी-मुगाळीच म्हणायचे, तर सून वासरंच कापून शिजवते! दुपारी म्हातारीच्या ताटात तांबडं मांस. ती देवापुढे बसते की संध्याकाळी गाई यायच्या आत वासरं जिवंत कर नाहीतर प्राण देते. गाई हंबरत येतात आणि वासरं उड्या मारत थेट आचळाला. लहानपणी ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

तिरकस:
म्हणजे सगळा जीव वासरात. बाकी गाय कधीपासून पवित्र हा वाद जुनाय, ऋग्वेदात गाईला अघ्न्या म्हटलंय म्हणजे मारू नये अशी, आणि वैदिक वाङ्मयातच गोवधाचे उल्लेखही सापडतात. सावरकर तर गाय उपयुक्त पशू आहे, देवता नाही म्हणायचे. ते कोट करायला कुणाला आवडत नाही ते सोडा.

गोठेवाला:
आमच्याकडे चार एचएफ, म्हणजे विलायती होल्स्टीन गाई, अन् एक देशी खिल्लार. पूजेला गल्लीतल्या बायका खिल्लारीकडेच येतात, 2024 ला राज्य सरकारने राज्यमाता जाहीर केली तीपण देशीच, कॅन मात्र एचएफ भरतात. डेअरीची गाडी वसुबारसेलापण सहाला दारात. एचएफला गोऱ्हा झाला की खरी पंचाईत, शेतात ट्रॅक्टर आहे, 2015 पासून बैल कापायलाही बंदी, बाजारात नेला तर गिऱ्हाईक नाही, अन् खायला तर रोज लागतं. आई त्या दिवशी खिल्लारीची धार काढतच नाही, सगळं वासराला. बाकीच्या चौघींची काढते, हप्ता आहे ना.

पोळपाट:
आटपाटनगर, थँक्यू, आता सासूबाईंनाच वाचून दाखवते. आमच्याकडे सोसायटीत कुठली गाय, मातीचं गाय-वासरू पुजतो. गोठेवाले दादा, गोऱ्ह्याचं काय केलंत मग?

गोठेवाला:
आहे दावणीला, दीड वर्षाचा झाला. सोडून द्यायला एकदा गावाबाहेर नेलेला, माझ्याआधी घरी पोचला. आई रोज शिळी भाकरी चारते त्याला.