परकं की ओळखीचं?
पिकांना रोगांपासून वाचवायला कीटकांची जंतुरोधक पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) त्यांच्यात आणण्याची कल्पना आहे. त्यावर 'कीटकाचं पेप्टाइड वनस्पतीला परकं, ते तिथे टिकणार नाही' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. सेक्रोपिन या कीटकातल्या पेप्टाइडबाबत ते खरं आहे, पानातली प्रथिनं तोडणारी विकरं त्याचे पाहता पाहता तुकडे करतात. पण ड्रोसोफिला या फळमाशीचं ड्रोसोमायसिन हे बुरशीरोधक पेप्टाइड बघा. ४४ अमिनो आम्लांची इवलीशी साखळी, चार डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या अणूंमधल्या जोडांनी) घट्ट आवळलेली, म्हणून ती सहजी तुटत नाही. शिवाय तिची घडण मुळ्याच्या बियांतल्या डिफेन्सिन या बुरशीरोधक पेप्टाइडशी जुळते! म्हणजे परकेपणा कुठे उरला?

आणि ताकद म्हणाल, तर १९९६ च्या प्रयोगात टोल हे बुरशीविरुद्धचा बचाव चालू करणारं जनुक बिघडलेल्या माश्यांमध्ये हे पेप्टाइड नीट तयारच झालं नाही. ॲस्परजिलस बुरशीने त्यांना मारलं, अंगावर बुरशीचे तंतू माजले. पिकासाठी पेप्टाइड निवडताना आधी हे डायसल्फाइड बंध मोजावेत, असं मला मनापासून वाटतं.