टेलोमिअर वाढवणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?

वांगीभात:
मंडळी, वय ६४. धाकट्या भावाने अमेरिकेतून गोळ्यांची बाटली पाठवली आहे. सोबतच्या पत्रकात लिहिलंय की माणसाची पेशी साधारण ५० वेळाच विभागते, मग म्हातारपण. टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, लांबवले की तेही लांबणार. सौ. म्हणतात, त्यापेक्षा रोज पर्वती चढा. हे ५० चं गणित खरं आहे का? पेट्रीडिशताई पेशींच्या प्रयोगशाळेत होत्या ना?

पेट्रीडिश:
होते, निवृत्तीपर्यंत तेच केलं. गणित खरं आहे. पण ज्याने ते मांडलं, त्या लेनर्ड हेफ्लिकनेच असल्या गोळ्या विकणाऱ्यांना फैलावर घेतलं होतं. २००२ साली त्याने आणि आणखी दोघांनी निवेदन काढलं, ५१ शास्त्रज्ञांच्या सह्यांचं. सार एवढंच, की म्हातारपण थोपवणारं काहीही बाजारात नाही.

हेफ्लिकच्या आधी सगळे ॲलेक्सिस कॅरेलचं म्हणणं धरून होते. नोबेलवाला माणूस, १९१२ पासून त्याने सुरू केलेल्या कोंबडीच्या हृदयातल्या पेशी काचेत वाढत होत्या म्हणे, त्या थेट १९४६ पर्यंत. त्यामुळे पेशी अमरच, तुमच्याकडे मेल्या तर तुमचा हात वाईट! फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हेफ्लिकच्याही पेशी थांबायच्या. मग त्याने आणि पॉल मूरहेडने पुरुषाच्या बऱ्याच विभागलेल्या पेशी आणि स्त्रीच्या ताज्या पेशी एकाच बाटलीत वाढवल्या. दोष माध्यमाचा (पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याचा) किंवा विषाणूचा असता तर दोन्ही थांबल्या असत्या. शेवटी उरल्या फक्त स्त्रीच्या. म्हणजे मर्यादा पेशीच्या आतच. एवढा साधा, देखणा प्रयोग मी दुसरा पाहिला नाही. तरी एका नामवंत नियतकालिकाने निबंध परत केला. १९६१ मध्ये तो दुसरीकडे छापून आला.

आमच्याकडे फ्लास्कवर मार्करने पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या बाटलीत लावल्या तो आकडा) लिहायची शिस्त होती, पण नंबर न बघताही कळायचं. सुरुवातीच्या पॅसेजच्या पेशी चातीसारख्या निमुळत्या, एकमेकींना समांतर, दाटीवाटीने. दोन-तीन दिवसांत माध्यम गुलाबीचं पिवळं. उशिराच्या पेशी मात्र मोठ्या, चपट्या, कडा वेड्यावाकड्या, आत दाणेदार कचरा. माध्यम आठवडाभर गुलाबीच. नवीन मुलींना वाटायचं कल्चर मेलं. मेलेलं नसतं! विभागणं थांबतं, पेशी जगत राहते, आणि आसपास दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. खरी कटकट तिथे आहे, आणि हल्लीचं बरंच संशोधन त्याच वाटेवर आहे.

(पेशींच्या माध्यमात घालायचं सिरम परदेशातून यायचं, आणि कस्टममध्ये अडकलं की आमचे सर दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. विज्ञानातलं आयुष्य म्हणजे बरंचसं हेच.)

वांगीभात:
म्हणजे टेलोमिअर वगैरे थापा?

पेट्रीडिश:
नाही हो. गुणसूत्राची टोकं दर विभागणीत झिजतात, ही कल्पना मॉस्कोच्या ओलोव्निकोव्हला हेफ्लिकच्या कामावरचं व्याख्यान ऐकल्यावर सुचली, १९७१ मध्ये त्याने ती मांडली. टोकं पुन्हा जोडणारं विकर, टेलोमरेज, ब्लॅकबर्न आणि ग्रायडर यांना सापडलं. २००९ चं नोबेल त्या दोघी आणि शोस्टाक यांना. १९९८ मध्ये साध्या पेशीत टेलोमरेज चालू केल्यावर ती मर्यादा ओलांडून गेली, हेही खरं.

पण उंदीर बघा. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर आपल्याहून कितीतरी लांब, आणि आयुष्य दोन-तीन वर्षांचं. मेंदूतल्या बहुतेक पेशी तर विभागतच नाहीत, तरी म्हाताऱ्या होतात. शिवाय बहुतेक कर्करोगांच्या पेशींत टेलोमरेज चालूच असतं. ते गोळीने खरोखर वाढत असतं, तर मला जास्त भीती वाटली असती.

सोलापुरी_चादर:
या हेफ्लिकवर सरकारी मालाच्या चोरीचा आरोप होता ना?

पेट्रीडिश:
होता. १९६२ मध्ये त्याने डब्ल्यूआय-३८ ही पेशींची जात तयार केली. १९६८ ला स्टॅनफर्ड विद्यापीठात नोकरीला जाताना द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या कुप्या घेऊन गेला. टाकी गाडीत मुलांच्या शेजारी! पैसा सरकारचा म्हणून पेशीही सरकारच्या, असं वरून म्हणणं आलं. स्टॅनफर्डची नोकरीही सुटली, खटला १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. कुणाची बाजू बरोबर यात मी पडत नाही, पण पेशी वाढवणाऱ्याला त्या आपल्या वाटतात, हे मला समजतं. हेफ्लिक २०२४ मध्ये गेला, ९६ व्या वर्षी.

नातवंडांची_आजी:
नातीला गोवर-रुबेलाची लस दिली, तिचा या पेशींशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का ताई?

पेट्रीडिश:
आहे. लसीतला रुबेलाचा विषाणू विस्टारमध्येच डब्ल्यूआय-३८ वर वाढवून दुबळा केला. पुण्यात बनणाऱ्या लसीसाठी एमआरसी-५ पेशी वापरतात. त्या १९६६ मध्ये लंडनला तयार झाल्या, कृती तीच. कॅन्सरच्या अमर पेशी नकोत, मर्यादा असलेल्या साध्या पेशी हव्यात, हाच हेफ्लिकचा आग्रह होता. नातीला दुसरा डोसही वेळेवर द्या.

वांगीभात, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर बाटलीवरची घटकांची यादी आधी डॉक्टरांना दाखवा. पर्वतीबद्दल वहिनींशी सहमत.