सल्लागार कंपनीच्या नेतृत्वाचा ‘१०० वर्षांचा एकत्रित अनुभव’ तपासायचा कसा?

चाकण_नेटवर्क

चाकणला कारखाना, हडपसरला गोदाम, बाणेरला ऑफिस. तिन्ही जागा एसडी-वॅनने (अनेक जोडण्या सॉफ्टवेअरने एकत्र चालवणारी पद्धत) जोडायच्या आहेत, जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) काढून आयपी फोन आणायचे आहेत, आणि कारखान्यात व गोदामात वायफाय नव्याने करायचं आहे. आराखडा आणि निविदेची कागदपत्रं सल्लागाराकडून करून घेणार, खरेदी नंतर वेगळी. तीन प्रस्ताव हातात आहेत. तांत्रिक भाग तिन्हींचा सारखाच. पहिल्या पानावर संचालकांचे फोटो आणि ‘नेतृत्वाचा एकत्रित १०० वर्षांचा अनुभव’. म्हणजे निवड माणसं पाहूनच करावी लागणार. हा अनुभव खरा किती आणि आमच्या कामाचा किती, हे कसं तपासायचं? करारात काय बांधून घ्यायचं?

चर_आणि_केबल

एकत्रित वर्षांचा आकडा सोडून द्या. चौघांची २५-२५ वर्षं मिळून १०० होतात, पण तुमच्या कामावर त्यातला एकच जण येणार असेल तर उरलेल्या ७५ वर्षांचा तुम्हाला काय उपयोग? अनुभव कशातला आहे ते विचारा. या धंद्यात माणसं मुख्यतः तीन वाटांनी येतात. सरकारी दूरसंचारातून निवृत्त झालेले फायबर, पीआरआय (एकाच लाइनवर अनेक कॉल नेणारी जुनी डिजिटल जोडणी), अर्थिंग, बॅटरी यांत पक्के असतात. फायरवॉल (नेटवर्कची सुरक्षा-भिंत) आणि एसडी-वॅनमध्ये त्यांनी नंतर स्वतः हात घातला आहे का, हे बघावं लागतं. मोबाईल कंपन्यांतले लोक रेडिओत (बिनतारी जोडणीत) तरबेज, पण कारखान्याचं अंतर्गत नेटवर्क त्यांनी हाताळलेलं असेलच असं नाही. तिसरे सिस्टिम इंटिग्रेटरकडचे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान जोडून यंत्रणा उभी करणाऱ्यांकडचे. त्यांना सगळ्या जोडण्या ठाऊक असतात, फक्त हात ओळखीच्या ब्रँडकडे वळतो. तुमच्या कामाला पहिला आणि तिसरा, असे दोघे लागतील.

मुलाखतीला तांत्रिक प्रमुखालाच बसवा आणि फळ्यावर काढून दाखवायला सांगा. प्रश्न साधे ठेवा, पण आकडे मागा.

जी.७११ वर (आवाज डिजिटल करण्याची नेहमीची पद्धत) एका वेळी ४० कॉल चालले तर बँडविड्थ किती? जो ६४ केबीपीएसने गुणून अडीच एमबीपीएस सांगतो, त्याने हेडर (प्रत्येक पॅकेटला लागणारी पत्त्याची जादा माहिती) धरलेच नाहीत. २० मिलिसेकंदांच्या पॅकेटला इथरनेटवर एका कॉलमागे सुमारे ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे ४० कॉलना प्रत्येक दिशेला साडेतीन एमबीपीएस. त्यावर आयपीसेकचं (माहिती सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) आवरण चढलं की आणखी वाढ.

तुमचा सध्याचा लँडलाइन क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या एसआयपी ट्रंकवर (आयपी नेटवर्कवरून येणारी फोनलाइन) नेता येईल का? आपल्याकडे क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय मोबाईललाच आहे, लँडलाइनला नाही. ‘हो, करून देऊ’ असं पटकन उत्तर आलं तर समजून जा. बरोबर उत्तर असं: आहे त्याच कंपनीकडे पीआरआयचं एसआयपीत रूपांतर मागायचं, नाहीतर क्रमांक बदलायची तयारी ठेवायची.

लिंकची ९९.५ टक्के उपलब्धता म्हणजे महिन्याला किती बंद? ३ तास ३६ मिनिटं. पुढचा प्रश्न लगेच टाका: दोन कंपन्यांच्या दोन लिंक घेतल्या तर हे आपोआप सुटतं का? नाही, कारण दोन्ही केबल पुष्कळदा एकाच चरातून येतात आणि एक जेसीबी दोन्ही तोडतो. इमारतीत शिरण्याच्या दोन वेगळ्या जागा, किंवा एक फायबर आणि एक रेडिओ, असं उत्तर हवं. हडपसर ते चाकण म्हटलं की पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, नाशिक महामार्ग, एमआयडीसी अशा वेगवेगळ्या हद्दी येतात. परवानगी इंटरनेट कंपनीच काढते, पण वेळापत्रक सल्लागार लिहितो. एप्रिलमध्ये काम देऊन जूनमध्ये नवी केबल पडेल असं लिहिणाऱ्याने पावसाळ्यातली खोदाईबंदी धरलेली नाही.

वायफायबद्दल एकच गोष्ट: गोदामाची पाहणी माल भरलेला असताना करणार की रिकामं असताना? रिकाम्या रॅकमध्ये मोजलेला सिग्नल माल आल्यावर टिकत नाही, पाणी किंवा धातू असलेला माल असेल तर नाहीच नाही. वायफायवर बोलायचं असेल तर माल भरलेल्या अवस्थेत हँडसेटच्या उंचीवर उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) मिळायला हवं.

कागद_तपासा

वरच्या मुलाखतीआधी अर्धा दिवस कागदांना द्या.

एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) आणि संचालकांची यादी फुकट दिसते. सीआयएनची २१ अक्षरं असतात. त्यातलं नववं ते बारावं म्हणजे स्थापनेचं वर्ष. ‘१९९८ पासून सेवेत’ लिहिलंय आणि सीआयएनमध्ये २०१९ असेल तर कारण विचारा. जुनी भागीदारी पुढे कंपनी झाली असेल तर ते रास्त आहे, कागद दाखवतील. प्रत्येक संचालकाची नेमणुकीची तारीखही बघा. फोटोतला ‘संस्थापक’ सहा महिन्यांपूर्वी आलेला असू शकतो, किंवा संचालक नसून फक्त मानधनावरचा सल्लागार असू शकतो. सलग तीन वर्षं वार्षिक विवरणं न भरलेल्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. डीआयएनची (संचालकाचा ओळख क्रमांक) स्थिती बघितली की ते कळतं. ताळेबंद थोडं शुल्क भरून मिळतो.

ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधली की महिन्यागणिक किती जणांचा भविष्यनिर्वाह निधी भरला ते दिसतं. ‘८० अभियंते’ आणि निधी ९ जणांचा, तर बाकीचे बहुधा बाहेरून आणलेले आहेत. ते चालतं, पण माहीत असावं.

सीसीआयई (सिस्कोचं नेटवर्क तज्ज्ञांसाठीचं प्रमाणपत्र) तीन वर्षांनी नूतनीकरण मागतं, म्हणून आजची स्थिती पडताळा, भिंतीवरची फ्रेम नको. आयएसओ २७००१ (माहिती-सुरक्षेचं प्रमाणपत्र) असेल तर आवृत्ती २०२२ ची हवी (२०१३ ची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपली) आणि ‘व्याप्ती’ची ओळ वाचा. कधी कधी ती फक्त हिशेब विभागापुरती असते.

चाकण_नेटवर्क

दोघांचेही आभार. डीआयएनवरून शोधलं तर सर्वांत स्वस्त प्रस्तावाच्या दोन संचालकांची नेटवर्क सामान विकणारी दुसरी कंपनी निघाली. प्रस्तावात तिचा उल्लेख नाही. हे कितपत गंभीर धरायचं?

करारनामा

गंभीर आहे. कारण फक्त कमिशनचं नाही. बरेचसे उत्पादक ‘डील रजिस्ट्रेशन’ देतात: ग्राहकाचं नाव जो विक्रेता आधी नोंदवतो त्याला जास्त सूट. सल्लागाराकडून तुमची गरज आधीच त्याच्या भावंड कंपनीकडे पोचली, तर नंतरच्या निविदेत इतरांचे दर आपोआप चढे येतात आणि स्पर्धा नावापुरती उरते. त्यांनी हे स्वतःहून सांगितलं नाही, हे मला जास्त खटकतं.

करारात संबंधित कंपन्यांचा लेखी खुलासा घ्या, आणि त्यांनी तुमच्या निविदेत भाग घेऊ नये व तुमचं नाव कुठेही नोंदवू नये हे कलम घाला. सामानाच्या यादीत प्रत्येक वस्तूला गुणधर्म लिहावेत, मॉडेल नको. किमान तीन उत्पादक त्यात बसले पाहिजेत.

नेतृत्वाला बांधायचं तर नावं लिहा. तांत्रिक प्रमुख आणि व्हॉइसचा (फोन यंत्रणेचा) जाणकार, दोघांची नावं, प्रत्येकाचे तास, आणि कोणत्या कागदावर कोणाची सही. माणूस बदलायचा तर ३० दिवस आधी कळवायचं, बदली माणसाची मुलाखत तुम्ही घ्यायची, दोघांनी १० कामाचे दिवस एकत्र काम करायचं आणि त्या दिवसांचं बिल लावायचं नाही.

पैसे असे तोडा: सुरुवातीला १० टक्के, पाहणी अहवालावर ३०, मंजूर आराखड्यावर ३०, निविदांच्या मूल्यमापनानंतर २०, आणि उरलेले १० नवी यंत्रणा ६० दिवस चालल्यावर. हा शेवटचा हप्ता सोडू नका. आयपी आराखडा आणि नकाशे पीडीएफ नव्हे, बदलता येतील अशा फाइलमध्ये मागा. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा) २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग (यंत्रणेच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि नोंदवण्याजोगी सायबर घटना ६ तासांत कळवायची. आराखड्यात याला जागा आणि जबाबदार माणूस दोन्ही हवेत.

जुन्या ग्राहकांना फोन कराल तेव्हा ‘काम कसं झालं’ विचारू नका, ‘छान’ एवढंच ऐकू येईल. विचारा: जुनी यंत्रणा बंद करून नवी चालू केली त्या रात्री त्यांच्यापैकी कोण हजर होतं, आणि किती वाजेपर्यंत जमलं नाही तर मागे फिरायचं हे आधी ठरलं होतं का?

चर_आणि_केबल

तासांबद्दल एक जोड: तांत्रिक प्रमुखाचे किमान ४० तास लिहा, त्यातले १६ प्रत्यक्ष तिन्ही जागांवर. बाणेर-चाकण-हडपसर प्रवास त्या तासांत धरू नये असं स्पष्ट लिहा, नाहीतर निम्मे तास नाशिक फाट्यावरच जातील.